गोपीचंदची मंगलाष्टकं

जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला आणि शिक्षकांच्या वाटण्या होता होता मी भंडाऱ्याच्या वाट्याला आलो. माझं मत कोणी विचारलं नव्हतं. मोहाडीच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झालो तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक होती, एक सायकल होती आणि बरी मंगलाष्टकं लिहिणारा म्हणून आमच्या गावाकडचा थोडा लौकिक होता. ट्रंक आणि सायकल अजून आहेत. लौकिक पहिल्याच लग्नसराईत गेला आणि तो गोपीचंदने घालवला. त्यामुळे सुरुवातीला माझ्या लिहिण्यात थोडा जळका वास येईल, तो वाचकांनी सोसावा.

आमच्या भागात लग्नात नुसत्या पोथीतल्या मंगलाष्टकांवर भागत नाही. नवरीच्या नावाची, तिच्या मायबापाच्या आणि मामाच्या नावाची वेगळी कडवी कोणाकडून तरी लिहून घेतात. ती माईकवरून म्हणतात आणि दर कडव्याच्या शेवटी मांडवातून अक्षता पडतात. मी शार्दूलविक्रीडितात लिहायचो. माझं एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे. ‘सद्गुणी’, ‘सुकुमार’, ‘कुलदीपिका’ हे शब्द माझ्या खिशात फुटाण्यांसारखे कायम भरलेले असत. मूठ भरायची आणि द्यायची.

जवळच्या करडी गावात मोनिका नावाच्या एका मुलीचं लग्न होतं. माझी दोन कडवी झाली, अक्षता वेळेवर पडल्या, लोक आपसात गप्पा मारत होते. मग गळ्यात दुपट्टा टाकलेल्या एका सडपातळ माणसाने माईक घेतला. त्याचं वृत्त लंगडं होतं. दुसऱ्या ओळीत तर एक अक्षर चक्क बाहेर लोंबत होतं. पण त्या ओळीत सांगितलेलं काय, तर मोनिका चहा गाळताना गाळणी तीनदा आपटते आणि उद्या सकाळी या घरात ती टकटक ऐकू येणार नाही. मांडवातल्या माना माईककडे वळल्या. मोनिकाची माय तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. अक्षता टाकायचं लोक विसरले, भटजींना हाताने खूण करावी लागली. मला फार राग आला.

जेवणाच्या पंगतीत मी त्याला गाठला आणि त्याच्या वृत्तातल्या चार चुका सांगितल्या. त्याने भात कालवता कालवता शांतपणे ऐकून घेतल्या, पाचवी मी विसरलो होतो ती आपणच सांगितली आणि मला घरी चहाला बोलावलं. असा माणूस भांडायला फार वाईट.

हा गोपीचंद मोहाडीतला कोसा, म्हणजे रानरेशीम, विणणारा. बाप विणकर, आजा विणकर. घराच्या पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून तो मागावर बसायचा. समोर खिडकी, कारण उजेड तिथून येतो. पाठीमागे, दाराशी, चरख्यावर त्याची मुलगी शालू आडव्या धाग्याच्या कांड्या भरायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची असेल. बाप तिच्यावर मागे न वळताच ओरडत होता की गाठ पुन्हा ढिली मारली, ढिली गाठ कापडात सुटते, किती वेळा सांगायचं. ती पाठीमागून जीभ काढून दाखवत होती. मला पाहून तिने ती आत घेतली.

त्याची लिहिण्याची रीत मला त्या दिवशी कळली. लग्न ठरलं की लोक नारळ घेऊन त्याच्याकडे यायचे आणि मुलीचे गुण सांगायला लागायचे. तो मान डोलवायचा आणि त्यातलं काहीही घ्यायचा नाही. मग एखाद्या दिवशी सायकल काढून मुलीच्या घरी प्यायला पाणी मागण्याच्या निमित्ताने जायचा. बाकावर पंधरा-वीस मिनिटं बसायचा, पिकापाण्याचं बोलायचा आणि निघून यायचा. काही विचारायचं नाही. गुण कोणीही सांगतो, सवय पाहावी लागते, असं त्याचं म्हणणं. कडव्यात एक तरी गोष्ट अशी पाहिजे, जी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे आणि जी त्या मुलीशिवाय दुसऱ्या कोणाची नाही. केशरबाई म्हणून एक होती, तिच्या लेकीचं, रीताचं त्याने असंच लिहिलं होतं. रीता घरातून निघताना चौकटीतल्या खिळ्याला बोट लावायची. त्या खिळ्याला तिच्या वारलेल्या बापाची टोपी टांगलेली असे. घरच्यांनासुद्धा ते लग्नात कळलं.

हे सगळं तो वहीत लिहून ठेवत नसे. मी त्याला एक वही घेऊन दिली होती, तर तिच्यात रत्नाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, दुधाचा हिशेब सुरू केला. “लिहून ठेवलं का डोकं आळशी होते जी,” असं त्याने मला सुनावलं. आपल्या आठवणीचा त्याला गर्व होता. तेवढा एकच गर्व त्याच्यात होता, पण तो पक्का होता.

हळूहळू मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायला लागलो. एकदा सहावीच्या वर्गाच्या निबंधाच्या वह्या मी तिथेच तपासत होतो. विषय ‘माझी आई’. गोपीचंदने मला दोन-चार वाचून दाखवायला सांगितलं. वाचले. आई प्रेमळ आहे, कष्टाळू आहे, पहाटे लवकर उठते. त्याने मागावर इकडून तिकडे पळणारा धोटा थांबवला आणि अगदी भाबडेपणाने विचारलं, “बेचाळीस पोरायची एकच माय आहे का जी, गुर्जी?” मी वह्या मिटल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की आई काय आहे ते लिहू नका, काल रात्री जेवण झाल्यावर तिने सगळ्यांत आधी काय केलं ते लिहा. निम्म्या वर्गाला ठाऊक नव्हतं. ते घरी जाऊन पाहून आले. त्या वर्षी मला पहिल्यांदा मुलांच्या वह्या तपासताना झोप आली नाही. हे श्रेय मी त्याला कधी तोंडावर दिलं नाही, म्हणून इथे देतो.

दहा-बारा वर्षं अशी गेली. शालूचं लग्न ठरलं. मुलगा वरठीचा, अंकुश नावाचा, लोखंडाच्या कारखान्यात कामाला. मोटरसायकलवरून आला, साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, फार बोलला नाही, पण पाणी प्यायल्यावर पेला आपणच उचलून आत नेऊन ठेवला. गोपीचंदने ते पाहिलेलं मी पाहिलं. साक्षगंध आटोपलं तेव्हा कोणीतरी शालूला हसत हसत विचारलं की बापाकडून काय पाहिजे ते आताच मागून घे, पुन्हा संधी नाही. तिने सगळ्यांसमोर सांगितलं, “दुसरं काही नोको. माह्यावालं कडवं बाबूजीनं लिहावं.”

यात मागण्यासारखं काय आहे, असं लोकांना वाटलं. ज्याने तालुक्यातल्या पोरींची कडवी लिहिली तो स्वतःच्या पोरीचं लिहिणारच. गोपीचंदही मोठ्या दिमाखात हो म्हणाला.

लग्नाला पंधरा दिवस उरले तेव्हा तो मला थोडा गप्प वाटला. दहा दिवस उरले तेव्हा त्याने रत्नाबाईला विचारलं की शालूच्या सवयी काय काय आहेत. रत्नाबाईने वीस-पंचवीस सांगितल्या आणि वर विचारलं की हे तुम्हाला मी सांगायचं का. त्यातली एकही तो घेऊ शकत नव्हता, कारण त्याने ती पाहिलेली नव्हती. मग त्याने मागावर उलटं बसता येत नाही म्हणून मागच बंद ठेवला आणि दाराशी एक खुर्ची टाकून शालूकडे पाहत बसला. ती कांडी भरत होती. बाप असा टक लावून बसलेला तिने जन्मात पाहिला नव्हता. ती अवघडली, हात चुकायला लागले, धागा सारखा तुटायला लागला. अर्ध्या तासात ती उठून शेजारी सुशीलाबाईकडे निघून गेली.

तरी त्याने एक कडवं केलं आणि आठ दिवस उरले असताना आम्हा सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं. कडवं चांगलं होतं. लेक घरातून निघताना चौकटीतल्या खिळ्याला बोट लावते, आता त्या खिळ्याने कोणाची वाट पाहावी, असं काहीसं. रत्नाबाईचे डोळे भरायला लागले होते. शालू मात्र बापाकडे पाहत राहिली. रागावली नाही. हळूच म्हणाली, “बाबूजी, आपल्या चौकटीले खिळाच नाही.”

आम्ही सगळ्यांनी चौकटीकडे पाहिलं. खिळा नव्हता. तो केशरबाईच्या घरी होता.

दुसऱ्यांच्या इतक्या पोरी त्या डोक्यात राहायला आल्या होत्या की त्यातली एक त्याने आपल्या घरात आणून उभी केली. त्याच्याएवढ्या आठवणीच्या माणसालाच ही चूक करता येते. मला ठेच लागली तर मी आधी दगडाला शिव्या देतो. गोपीचंदने चूक आपल्याच पदरात घातली. शालू आत गेली आणि भांडी घासायला लागली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, एवढं माझ्यासारख्यालाही कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे आला. इतक्या वर्षांत शाळेत पहिल्यांदाच. मुलांच्या बाकावर बसला आणि म्हणाला, “इतके वर्षं लोकायच्या पोरी पाहून रायलो, अन् माहीच पोरगी पाहाची राहून गेली, गुर्जी. तुमीच लिहून द्या.”

आता खरं सांगायचं तर मला वाईट वाटायच्या आधी आनंद झाला. करडीपासून मी या दिवसाची वाट पाहत होतो. मी संध्याकाळपर्यंत आठच्या आठ कडवी लिहिली, निर्दोष, आणि घेऊन त्याच्याकडे गेलो. तो मागावर बसला होता. लग्नात शालूच्या खांद्यावर टाकायचा कोशाचा शेला तोच विणत होता आणि त्याच्या कांड्या तीच भरत होती. आता मात्र ती आत स्वयंपाकात होती. मी कडवी म्हणून दाखवली. त्याने सगळी ऐकली. शेवटी म्हणाला, “चांगलं आहे जी. पण कोनाचं आहे?”

टोचून बोलला नाही, खरंच विचारलं. मी कागदाकडे पाहिलं. त्यातलं शालू हे नाव काढून कोणतंही दोन दीर्घ अक्षरांचं नाव टाकलं असतं तरी एक मात्रा हलली नसती. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि बसून राहिलो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

उजेड कमी झाला तसा त्याने दिवसभराचं काम आवरायला घेतलं. कोशाचा धागा कांडी भरताना तुटतो, तुटला की गाठ मारतात आणि ती गाठ कापडात येते. म्हणून कापड गुंडाळण्याआधी गोपीचंद त्यावरून अंगठा फिरवायचा आणि जिथे गाठ लागेल तिथे तिची शेपटं कात्रीने कापायचा. त्या दिवशीही तो तसाच अंगठा फिरवत होता. एका गाठीवर थांबला आणि आपल्याशीच पुटपुटला की अजून राग गेला नाही पोरीचा.

मी विचारलं, कशावरून.

त्याने माझं बोट धरून कापडावर ठेवलं. गाठ बारीक होती, मोहरीएवढीही नाही, आणि टणक. तो म्हणाला की रागात असली की अशी आवळून मारते, दाताने तोडते, शेपूट ठेवतच नाही. चार बोटं सोडून दुसरी तशीच. कालपासून सगळ्या अशाच येत होत्या.

मी म्हटलं, “आणि रागात नसली की?”

मग तो सांगायला लागला. खुशीत असली की गाठ ढिली पडते आणि तो तिला ओरडतो. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी सहा गाठींपैकी एकही धड नव्हती, सगळं पुन्हा बांधावं लागलं. ताप आला होता तेव्हा गाठीत दोन वेढ्यांऐवजी एकच वेढा यायचा. तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण त्याने तिसऱ्या गाठीला धोटा खाली ठेवला आणि तिला डॉक्टरकडे नेलं. मावशी वारली तेव्हा शेपटं लांब राहिली होती. तोडायचं सुचत नसावं. आणि वरठीचे लोक पाहून गेले त्या दुपारी कोणी शालूला विचारलंसुद्धा नव्हतं. पण तिने भरलेली कांडी याने धोट्यात घातली, वीतभर विणलं आणि अंगठा फिरवला. “एकही गाठ धड नव्हती, गुर्जी. म्हणून तं म्या हो म्हटलं.”

एवढं बोलून तो पुढची गाठ शोधायला लागला. त्याला वाटत होतं तो मला कामातलं काहीतरी सांगतो आहे. मीच गाढवासारखा त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. बारा वर्षं या माणसाकडून पाहायला शिकत होतो आणि आज तोच पाहत नव्हता. मी त्याच्या हातातली कात्री काढून घेतली आणि म्हटलं, “गोपीचंदभाऊ, बारा वर्षं ती पोरगी रोज तुमच्या बोटाखालून गेली. आणखी काय पाहायचं राहिलं?”

त्याला कळायला वेळ लागला. मग कळलं. शेला जवळजवळ विणून झाला होता, तो त्याने उलगडला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा फिरवला. कात्री त्याने परत मागितली नाही. मी निघालो तेव्हा तो अंधूक उजेडात तसाच बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. मला इतकं बरं वाटत होतं की सायकल तिथेच विसरून मी पायी घरी आलो.

मुहूर्त सकाळी अकरा चाळीसचा होता आणि लग्न लागलं साडेबाराला. वरठीची वऱ्हाडी मंडळी वेळेवर आली, आमचेच लोक उशिरा आले. अंतरपाट धरला. अंकुश पलीकडे, शालू अलीकडे, खांद्यावर तो शेला, आणि तिच्या मागे माईक घेऊन गोपीचंद. आज पहिल्यांदा तो तिच्या पाठीमागे होता. रत्नाबाईने माझ्याकडे पाहिलं. कडव्यात काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण वृत्त नीट करायला म्हणून ते त्याने आदल्या दिवशी माझ्याकडे आणलं होतं. मी दोन शब्द बदलले. ‘रोज’च्या जागी ‘सदैव’ माझा आहे, दुसरा सांगण्यासारखा नाही. बाकी सगळं त्याचं.

त्याने गळ्यातला दुपट्टा सारखा केला आणि म्हणायला लागला.

पाठीशी बसली सदैव मुलगी, नाही तिला पाहिले
बोटांना कळल्या तिच्या चिमुकल्या गाठी दिसाला नव्या
रागाने कसली, सुखात ढिलि ती, बोटांत मी वाचली
पाहा ओळखता तुम्हांस जमते? कुर्यात् सदा मंगलम्

शेवटची ओळ जावयासाठी होती. अंतरपाटाच्या वरून अंकुशचे नुसते डोळे दिसत होते, पण ते गोंधळलेले होते. मांडवात निम्म्या लोकांना काही कळलं नाही. कोसा विणणाऱ्या घरच्या बायकांना मात्र कळलं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि सुशीलाबाईने डोळे पुसले. अक्षता उशिराच पडल्या.

मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो. इतक्या लग्नांत उभा राहिलो, पण नवरीकडे नीट असं त्या दिवशी पाहिलं. शालूची मान खाली होती, मुंडावळ्यांमुळे तोंड दिसत नव्हतं. पण शेल्याच्या टोकाला दशा असतात ना, सुट्या धाग्यांच्या, त्यातले दोन धागे तिच्या चिमटीत होते आणि तिची बोटं हलत होती. अंतरपाट दूर झाला, माळा घातल्या गेल्या, बँडवाल्याने कान फोडले, आणि ती बोटं थांबली. मला वाटतं मी एकट्यानेच ते पाहिलं. ते पाहून मला जो आनंद झाला तो माझ्या निर्दोष आठ कडव्यांनी कधी दिला नव्हता.

निघायची वेळ आली तेव्हा रडारड झाली, ती होतेच. शालू मायच्या गळ्यात पडली, माझ्या पाया पडली, बापाच्या पाया पडली. गोपीचंदने तिला उठवलं. त्याने सवयीने शेल्याचं टोक हातात घेतलं, कुठे काही राहिलं का पाहतात तसं, आणि दशांवरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला. त्याने पुन्हा फिरवला. कात्री त्याच्या खिशातच होती, पण त्याने हात तिकडे नेला नाही.

गाडी गेली. मी त्याच्याजवळ उभा होतो. तो रस्त्याकडे पाहत होता, चेहरा ओला होता आणि तो हसत होता.

“ढिली आहे जी, गुर्जी,” तो म्हणाला. “एकदम ढिली.”